तंत्रज्ञानातील बदल आणि भांडवल संचय : मार्क्सच्या मांडणीची मुळशी, गिरणगाव व पारनेरच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

तंत्रज्ञानातील बदलामुळे भांडवल संचयाची गती वाढते, श्रमिकांची मागणी तुलनेने घटते, बेकारांची राखीव फौज तयार होते आणि दीर्घकाळात नफ्याचा सरासरी दर घसरतो, अशी चार विधानांची साखळी मार्क्सवादी अर्थशास्त्राच्या नावाने पदव्युत्तर वर्गांत शिकविली जाते. परीक्षेच्या दृष्टीने ती सोयीची आहे. परंतु या साखळीत यंत्र कोठून येते, ते कोणाच्या खर्चाने स्वस्त होते आणि काही ठिकाणी ते येतच का नाही, हे प्रश्न गाळले जातात. यंत्र जणू कारखान्याच्या दारात आपोआप येऊन उभे राहते आणि तेथून पुढे अर्थशास्त्र सुरू होते, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. मार्क्सची स्वतःची मांडणी इतकी सरळ नाही. आणि महाराष्ट्राचा औद्योगिक इतिहास तर तिला अनेक ठिकाणी अडवितो, काही ठिकाणी पुढेही नेतो.

प्रस्तुत लेखात ही मांडणी महाराष्ट्रातील एका सलग उदाहरणाच्या आधारे तपासली आहे. मुळशी खोऱ्यातील धरण, त्या धरणाच्या विजेवर चालणाऱ्या मुंबईच्या कापड गिरण्या, गिरण्या बंद पडल्यावर उरलेले माग व जमिनी, आणि सुप्याजवळच्या डोंगरावरील पवनचक्क्या, असा हा क्रम आहे. या सर्वांना जोडणारे गाव म्हणून अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेरचा विचार करता येतो. मुळशी सत्याग्रहाचे नेते सेनापती पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. पर्जन्यछायेतील या तालुक्यातून पोटासाठी मुंबईला जाण्याची परंपरा जुनी आहे. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच तालुक्यात औद्योगिक वसाहत व पवनऊर्जा प्रकल्प आले. एकाच भूभागाने भांडवलाला आधी माणसे पुरविली आणि नंतर जमीन पुरविली, हा योगायोग सैद्धान्तिक दृष्ट्या दुर्लक्षिण्यासारखा नाही.

मार्क्सची मांडणी आणि तिच्यातील मोकळी जागा

'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा व तिसरा खंड मार्क्सच्या मृत्यूनंतर एंगल्सने अनुक्रमे १८८५ व १८९४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला. यंत्रांचे विवेचन मुख्यतः पहिल्या खंडात आहे, तर नफ्याच्या घसरत्या दराचा नियम तिसऱ्या खंडात आहे. या दोहोंमधील अंतर केवळ पानांचे नाही. पहिल्या खंडात मार्क्स इंग्लंडच्या कारखाना निरीक्षकांचे अहवाल समोर ठेवून लिहितो; तिसऱ्या खंडातील विवेचन बरेचसे अमूर्त आहे.

मूळ कल्पना अशी : भांडवलाचे दोन भाग पडतात. यंत्रे, इमारती, कच्चा माल व इंधन यांत गुंतलेले ते स्थिर भांडवल. त्याचे मूल्य उत्पादनात जसेच्या तसे उतरते. श्रमशक्ती विकत घेण्यासाठी लागणारे ते अस्थिर भांडवल. नवे मूल्य, आणि म्हणून वरकड मूल्य, याच भागातून निर्माण होते. स्पर्धेमुळे प्रत्येक भांडवलदाराला यंत्रांवरील खर्च वाढवावा लागतो. त्यामुळे स्थिर भांडवलाचे अस्थिर भांडवलाशी असलेले प्रमाण, ज्याला मार्क्स भांडवलाची सेंद्रिय रचना म्हणतो, ते वाढत जाते. वरकड मूल्य ज्या स्रोतातून येते तो स्रोतच एकूण भांडवलाच्या तुलनेत आकसत असल्याने नफ्याचा दर घसरतो.

ही गोष्ट आकड्यांत मांडली तर तिची बलस्थाने व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. एका गिरणीत ४० कामगार आहेत असे मानू. प्रत्येक कामगार २ एकके नवे मूल्य निर्माण करतो व त्याला १ एकक वेतन मिळते. स्थिर भांडवल ६० एकके आहे. अस्थिर भांडवल ४०, वरकड मूल्य ४०, एकूण भांडवल १००; नफ्याचा दर ४० टक्के. आता नवी यंत्रे आली, स्थिर भांडवल ८० झाले आणि कामगार २० उरले. वरकड मूल्य २० वर आले आणि नफ्याचा दर २० टक्के झाला. येथपर्यंत पाठ्यपुस्तक बरोबर आहे. परंतु यंत्रांमुळे कामगाराच्या गरजेच्या वस्तूही स्वस्त झाल्या आणि वेतनाचे मूल्य निम्म्यावर आले, तर वेतनखर्च १० होतो, वरकड मूल्य ३० होते, एकूण भांडवल ९० होते आणि दर सुमारे ३३ टक्के होतो. मूळ दराच्या तो अजूनही खालीच आहे. मात्र याच वेळी यंत्रे, इंधन व जागा हीच स्वस्त मिळू लागली आणि स्थिर भांडवलाचे मूल्य ८० वरून ५० वर आले, तर एकूण भांडवल ६० आणि नफ्याचा दर ५० टक्के होतो. म्हणजे तंत्रज्ञान तेच, कामगारांची संख्या तीच, आणि तरीही नियमाची दिशा उलटते.

या उदाहरणावरून वादाचा केंद्रबिंदू लक्षात यावा. वेतन घसरले तरी नफ्याच्या दराला एक कमाल मर्यादा राहते, कारण २० कामगार ४० पेक्षा अधिक नवे मूल्य देऊ शकत नाहीत. मार्क्सचे हे म्हणणे अचूक आहे. पण स्थिर भांडवल किती स्वस्त होऊ शकते याला तशी मर्यादा त्याने घातलेली नाही. तिसऱ्या खंडात स्थिर भांडवलाच्या घटकांचे स्वस्त होणे ही बाब 'नियमाला विरोध करणारे घटक' या प्रकरणात येते, आणि तेथेही अगदी थोडक्यात. जोन रॉबिन्सन यांनी १९४२ मध्ये नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले होते. जपानी अर्थशास्त्रज्ञ नोबुओ ओकिशिओ यांनी १९६१ मध्ये गणिती पद्धतीने दाखविले की वास्तव वेतन स्थिर राहिले आणि भांडवलदाराने खर्च कमी करणारेच तंत्र स्वीकारले, तर नफ्याचा सर्वसाधारण दर घसरत नाही, वाढतो. ओकिशिओंच्या प्रमेयावर त्यानंतर बरीच शाई खर्च झाली आहे. परंतु या साऱ्या वादात 'स्वस्त होणे' ही तांत्रिक घटना मानली जाते. उत्पादकता वाढली म्हणून यंत्र स्वस्त झाले, एवढेच. यंत्राला लागणारी जमीन, पाणी, वीज व करसवलत स्वस्त होते ती उत्पादकतेमुळे नव्हे, तर कोणाकडून तरी काढून घेतल्यामुळे, ही शक्यता गणितात बसत नाही म्हणून ती बाजूला राहिली. इतिहासात मात्र तीच वारंवार दिसते.

मुळशी : स्वस्त वीज आणि तिची किंमत

मुंबईच्या गिरण्या आरंभी वाफेवर चालत. कोळसा बंगालमधून आणि काही काळ दक्षिण आफ्रिकेतून येई. त्याची वाहतूक महाग होती आणि पुरवठा बेभरवशाचा. पश्चिम घाटावर पडणारा पाऊस अडवून घाटमाथ्यावरून खाली सोडावयाचा व त्याच्या जोरावर वीज निर्माण करावयाची ही टाटांची योजना या पार्श्वभूमीवर पुढे आली. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली व खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. आंध्र व्हॅली कंपनीचे भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये आणि टाटा पॉवर कंपनीचे भिरा केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. भिरा केंद्राला पाणी पुरविणारे धरण म्हणजे मुळशीचे धरण. या विजेचे मोठे ग्राहक म्हणजे मुंबईच्या गिरण्या.

तांत्रिक दृष्टीने पाहिले तर ही निखळ प्रगती होती. मार्क्सच्या परिभाषेत सांगावयाचे तर गिरण्यांच्या स्थिर भांडवलातील इंधनाचा भाग स्वस्त व निश्चित झाला. परंतु त्यासाठी नीळा व मुळा या नद्यांच्या खोऱ्यातील सुमारे पन्नास गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने एका खाजगी कंपनीसाठी घेण्यात आल्या. भाताची उत्तम खाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहाला प्रारंभ झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा होती. बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदी कार्यकर्ते त्यात होते. १९२४ पर्यंत हा लढा टिकला. अखेरच्या पर्वात बापटांनी सशस्त्र मार्ग पत्करून रेल्वेगाडी अडविली व त्यांना दीर्घ कारावास झाला. 'सेनापती' ही उपाधी त्यांना याच लढ्याने दिली.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो सखोल अभ्यास केला आहे, त्यातील एक मुद्दा प्रस्तुत चर्चेसाठी विशेष महत्त्वाचा आहे. मुळशी पेट्यातील बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या ताब्यात गेल्या होत्या. जमीन प्रत्यक्ष कसणारा मावळा एकीकडे आणि कागदोपत्री मालक असलेला सावकार दुसरीकडे, अशी स्थिती होती. सावकाराला जमिनीऐवजी रोख मोबदला मिळाला तर त्याचे नुकसान नव्हते. मावळ्याला मात्र मोबदल्याचा अर्थ उपजीविकेचा शेवट असा होता. लढ्याचा पाया खचला तो येथे.

मार्क्सने आद्य भांडवल संचयाचे विवेचन पहिल्या खंडाच्या शेवटी केले आहे, यंत्रांच्या विवेचनानंतर बऱ्याच पानांनी. इंग्लंडमधील सामायिक जमिनी कुंपणे घालून बळकावल्या गेल्या आणि शेतकरी देशोधडीला लागला, हा त्याच्या दृष्टीने भांडवलशाहीचा पूर्वेतिहास आहे; भांडवल स्वतःच्या पायावर उभे राहण्यापूर्वीची घटना. मुळशीत क्रम उलटा आहे. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. म्हणजे मुळशीच्या जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा गिरणी भांडवल साठ वर्षांहून अधिक वयाचे, प्रौढ भांडवल होते. जमीन हिसकावणे हा येथे भांडवलाच्या जन्माचा नव्हे, तर तंत्रबदलाचा भाग आहे. वाफेकडून विजेकडे जाण्यासाठी खोरे रिकामे करावे लागले. रोझा लक्झेंबर्ग यांनी १९१३ मध्ये संचयाला भांडवलशाहीबाहेरील क्षेत्राची सतत गरज असते असे म्हटले होते, पण त्यांचा भर बाजारपेठेवर होता. डेव्हिड हार्वे यांनी २००३ मध्ये 'हिरावून घेण्यातून होणारा संचय' ही संकल्पना मांडली आणि तिचा जोर १९७० नंतरच्या काळावर दिला. मुळशीचा दाखला पाहता ही कालमर्यादा अपुरी ठरते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच पुणे जिल्ह्यातील शेतकरी ती प्रक्रिया अनुभवीत होते, आणि तिला त्यांनी नावही दिले होते. फक्त ते इंग्रजीत नव्हते.

गिरणगाव : यंत्र येते कधी, अडते कधी

विजेचा पहिला परिणाम कामाच्या तासांवर झाला, मागांवर नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्तानंतरही काम चालू ठेवणे शक्य झाले. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये अकरा तास आणि १९३४ मध्ये दहा तास झाले. मार्क्सच्या मांडणीत यंत्र हे सापेक्ष वरकड मूल्याचे साधन आहे. म्हणजे कामाचा दिवस तेवढाच ठेवून त्यातील वेतनाचा वाटा कमी करण्याचे. मुंबईत विजेच्या दिव्याने आधी निरपेक्ष वरकड मूल्य वाढविले. अर्थात, यंत्र कामाचा दिवस लांबविते हेही मार्क्सने लिहिलेले आहे, परंतु आपल्याकडील अभ्यासक्रमात हे विवेचन क्वचितच आढळते.

दुसरा टप्पा १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धाचा. जपानी कापडाची स्पर्धा तीव्र झाली होती. १९२५ मध्ये गिरणीमालकांनी साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर केली. संप झाला आणि सरकारने कापसाच्या मालावरील साडेतीन टक्के अबकारी कर रद्द केल्यावर कपात मागे घ्यावी लागली. यानंतर मालकांनी दुसरा मार्ग शोधला, तो 'रॅशनलायझेशन'चा, म्हणजे तेवढ्याच कामगारांकडून अधिक यंत्रे चालवून घेण्याचा. जो विणकर दोन माग पाहत असे त्याने तीन पाहावेत, कताई खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, असा आग्रह धरण्यात आला. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सुमारे सहा महिने चाललेला, दीड लाखांच्या आसपास कामगारांचा सार्वत्रिक संप या पार्श्वभूमीवर झाला. श्री. अ. डांगे, निमकर, मिरजकर, अळवे, कासले या नेत्यांच्या गिरणी कामगार युनियनचा जन्मही त्याच वर्षीचा. संप मिटल्यावर फॉसेट समितीपुढे दोन्ही पक्षांनी आपापले म्हणणे मांडले, आणि मार्च १९२९ मध्ये प्रमुख कम्युनिस्ट नेते मीरत खटल्यात पकडले गेले.

या संपाविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु एक साधी गोष्ट त्यात अनेकदा निसटते. मालकांनी नवी यंत्रे फारशी आणली नव्हती. माग तेच होते. फक्त एका माणसामागे मागांची संख्या वाढली. म्हणजे येथे सेंद्रिय रचना वाढली ती यंत्रे वाढवून नव्हे, तर माणसे कमी करून. 'तंत्रज्ञानातील बदल' या शब्दांनी सूचित होणारा नवा शोध, नवे यंत्र, नवी पद्धती यांपैकी काहीही नसताना मार्क्सच्या सूत्रातील गुणोत्तर बदलू शकते. श्रमाची तीव्रता आणि यंत्रांची उत्पादकता या दोन गोष्टी आकडेवारीत सारख्याच दिसतात. कामगाराच्या शरीरात त्या सारख्या नसतात.

मुंबईत नवी यंत्रे इतक्या उशिरा का आली, याचे उत्तर मार्क्सने आधीच देऊन ठेवले आहे. समाजाच्या दृष्टीने यंत्र उपयुक्त ठरते ते त्याच्या निर्मितीस लागणारे श्रम त्याने वाचविलेल्या श्रमांहून कमी असतील तेव्हा. भांडवलदार मात्र यंत्राच्या किमतीची तुलना वाचलेल्या वेतनाशी करतो. वेतन जितके कमी, तितकी यंत्राची गरज कमी. इंग्लंडमध्ये कालव्यातील नावा ओढण्यासाठी घोड्यांऐवजी कधी कधी स्त्रियांना लावले जाई, कारण त्या अधिक स्वस्त पडत, असे उदाहरण तो देतो. मुंबईच्या बाबतीत स्वस्त श्रमाचा हा साठा कोकण, सातारा, पुणे, अहमदनगर येथील कोरडवाहू गावांत होता. पारनेरसारख्या तालुक्यातील माणूस मुंबईला जाई तो कुटुंब गावी ठेवून. आजारपण, म्हातारपण, बाळंतपण यांचा भार गावच्या शेतीवर राही. गिरणीला केवळ काम करू शकणाऱ्या वर्षांचे मोल द्यावे लागे. गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगार हजर असत आणि जॉबर त्यांतून निवड करी. मार्क्सच्या मते राखीव फौज यंत्रामुळे निर्माण होते. येथे ती दुष्काळामुळे व तुकड्यातुकड्यांच्या शेतीमुळे आधीच निर्माण झालेली होती, आणि तिच्यामुळेच यंत्राचे येणे लांबले. कार्यकारणाचा हा उलटा प्रवाह ध्यानात घेतल्याशिवाय भारतातील भांडवल संचयाचे कोणतेही मार्क्सवादी विवेचन पूर्ण होत नाही.

तंत्र आणि जात यांच्या संबंधाचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे, जरी मार्क्सच्या ग्रंथात त्याला जागा नाही. विणाईखात्यात, कामगारांच्या बोलीत साचाखात्यात, धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. उष्टे सूत दुसऱ्याने तोंडी लावावे लागेल या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना या अधिक वेतनाच्या खात्यात प्रवेश नाकारला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला. यंत्र सर्व श्रमांना एका पातळीवर आणते, हे मार्क्सचे एक आवडते विधान आहे. लाकडाच्या एका धोट्यापुढे ते टिकले नाही. स्त्रियांचेही तसेच. शतकाच्या पूर्वार्धात गिरण्यांत सुमारे पाचव्या हिश्श्याइतक्या स्त्रिया होत्या, मुख्यतः रिळे व कांड्या भरण्याच्या कामावर; त्या कामाचे यांत्रिकीकरण झाले तशा त्या बाहेर पडल्या.

जुने माग, नव्या जमिनी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे साठ गिरण्यांतील अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. बोनस व वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेली एकमेव प्रतिनिधित्वाची मक्तेदारी मोडणे, या त्यातील मुख्य मागण्या होत्या. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. कामगारांच्या हट्टामुळे गिरण्या बुडाल्या, असे सर्रास म्हटले जाते. हे मत टिकण्यासारखे नाही, कारण संपापूर्वी कित्येक वर्षे कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होते.

यंत्रमागांचे उदाहरण सेंद्रिय रचनेच्या सिद्धान्ताला मोठेच आव्हान देते. गिरण्यांनी मोडीत काढलेले साधे माग यंत्रमागधारकांनी विकत घेतले. म्हणजे तांत्रिक दृष्टीने मागे असलेले यंत्र पुढे असलेल्या संघटित उद्योगाला बाजारात हरवीत होते. मार्क्सने यंत्राच्या 'नैतिक घसाऱ्या'विषयी लिहिले आहे : अधिक चांगले किंवा स्वस्त यंत्र आले की जुन्या यंत्राचे मूल्य ते झिजण्यापूर्वीच उतरते. त्याच्या दृष्टीने हा भांडवलदाराचा तोटा आहे आणि म्हणून तो यंत्र रात्रंदिवस चालवितो. परंतु एकाचा नैतिक घसारा दुसऱ्यासाठी स्वस्त स्थिर भांडवल ठरतो, हे त्याने तपासलेले नाही. वर मांडलेल्या उदाहरणात स्थिर भांडवल ८० वरून ५० वर आले की नफ्याचा दर कसा वाढतो हे पाहिले. भिवंडीत नेमके तेच घडले. त्याला बारा तासांच्या पाळीची, नोंदणी नसलेल्या कामगारांची आणि कायद्याच्या टप्प्याबाहेर राहणाऱ्या लहान गाळ्यांची जोड मिळाली. तंत्रज्ञानाची प्रगती हीच संचयाची अट असते असे नव्हे. संचय मागे वळूनही होतो.

गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले ते सर्वांना ज्ञात आहे. सुमारे सहाशे एकर जमिनीच्या पुनर्विकासासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक असे ढोबळमानाने तीन वाटे ठरविण्यात आले. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. सार्वजनिक वाटा त्यामुळे फारच लहान झाला. गिरणीच्या ताळेबंदात जमीन ही एके काळी केवळ यंत्रे उभी करण्याची जागा होती. आता तीच मुख्य मालमत्ता ठरली आणि यंत्रे भंगारात गेली. मार्क्सच्या तिसऱ्या खंडातील भूमिखंडाचे विवेचन शेतजमिनीभोवती फिरते. लोअर परळ येथे, नफ्याचा घसरता दर सांभाळण्याचा सर्वांत सोपा उपाय उत्पादनातून बाहेर पडणे हाच ठरला.

पारनेर : डोंगरावरील घसारा

नगर-पुणे महामार्गावरील सुपे येथील औद्योगिक वसाहत आणि जवळच्या कावड्या डोंगरावरील पवनचक्क्या ही पारनेर तालुक्यातील तंत्रबदलाची अलीकडची रूपे आहेत. वसाहतीच्या विस्तारित क्षेत्रात जपानी कंपन्यांसाठी स्वतंत्र विभागही आखण्यात आला. ज्या तालुक्यातून माणसे भांडवलाकडे जात होती, तेथे भांडवल स्वतः आले, असे वरवर पाहता म्हणता येईल. पण गिरणीला शेकडो-हजारो हात लागत, आधुनिक जुळणी कारखान्याला तेवढे लागत नाहीत. आणि पवनचक्कीला तर उभारणी झाल्यावर काही तंत्रज्ञ व पहारेकरी यांखेरीज कोणीच लागत नाही. मूल्याचा श्रमसिद्धान्त काटेकोरपणे लावला तर पवनचक्की जवळजवळ संपूर्णपणे मृत श्रम आहे. तिच्यात नवे मूल्य फारसे निर्माण होत नाही, आणि तरीही गुंतवणूकदार तिच्यामागे धावतात.

याचे एक कारण वाऱ्यात शोधण्यापेक्षा आयकर कायद्यात शोधावे लागते. १९९० च्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा वजा करण्याची मुभा होती. पुढे ती ८० टक्के झाली. त्यामुळे वीजनिर्मितीशी दूरान्वयानेही संबंध नसलेल्या नफेदार कंपन्यांनीही पवनचक्क्या विकत घेतल्या, कारण यंत्र कागदावर जितक्या लवकर झिजेल तितका कर वाचत असे. २०१२ मध्ये ही सवलत आणि निर्मितीवर आधारित प्रोत्साहन अनुदान ही दोन्ही एकाच वेळी मागे घेण्यात आली, तेव्हा देशातील नव्या पवनऊर्जेची भर २०११-१२ मधील सुमारे ३,२०० मेगावॅटवरून पुढील वर्षी सुमारे १,७०० मेगावॅटवर आली. वारा तोच होता, तंत्रज्ञानही तेच होते. २०१४ मध्ये सवलत पुन्हा सुरू झाली व २०१७ पासून ती ४० टक्क्यांवर आली.

मार्क्ससाठी घसारा म्हणजे यंत्रातून वस्तूत उतरणारे मूल्य. येथे तो मूल्याच्या उलट दिशेने चालतो. वस्तू तयार होण्यापूर्वीच तो सरकारी तिजोरीतून भांडवलाकडे उतरतो. स्थिर भांडवल स्वस्त करण्याचे काम मुळशीत भूसंपादन कायद्याने केले, भिवंडीत मोडीत निघालेल्या मागांनी व नोंद नसलेल्या श्रमाने केले, आणि कावड्या डोंगरावर करसवलतीने. पवनऊर्जा नको असा याचा अर्थ नाही. दुष्काळी तालुक्यात स्वच्छ वीज निर्माण होणे इष्टच आहे, आणि मुळशीप्रमाणे येथे गावे बुडालेली नाहीत, हा फरकही नोंदविला पाहिजे. परंतु नफ्याचा दर का टिकतो याचे उत्तर यंत्रातच शोधणारी मांडणी, मग ती मार्क्सची असो वा ओकिशिओंची, करदात्याचा हा वाटा हिशेबात धरीत नाही.

मुळशीचा लढा आणि गिरणगावाचा लढा एकाच विजेच्या तारेच्या दोन टोकांना, चार वर्षांच्या अंतराने झाले. एकाची भाषा जमिनीची होती, दुसऱ्याची वेतनाची व मागांची. साचाखात्यातील तिसऱ्या मागाला फिरविणारी वीज कोणाच्या खाचरावरून आली, हा प्रश्न कामगार चळवळीच्या केंद्रस्थानी आला नाही. आणि मावळ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पुण्यातील कार्यकर्त्यांना मुंबईचा बदली कामगार हा त्याच कोरडवाहू शेतीतून निघालेला माणूस म्हणून दिसला नाही. मार्क्सच्या ग्रंथातही यंत्राचे प्रकरण आणि जमीन हिरावण्याचे प्रकरण असे एकमेकांपासून दूरच छापलेले आहे. सुप्याच्या वसाहतीसाठी जमीन दिलेल्या शेतकऱ्याचा मुलगा आज तेथेच कंत्राटी कामासाठी अर्ज करतो, तेव्हा त्याच्या बाबतीत ही दोन प्रकरणे एकाच अर्जावर आलेली असतात.